केटीचे बारा आठवडे

मोठ्या टेक कंपनीत एखादी टीम दुसऱ्या देशात हलवायचं ठरतं, तेव्हा त्या निर्णयाचा कागद फार साधा असतो. डावीकडे आजचा माणशी खर्च, उजवीकडे तिकडचा माणशी खर्च, खाली वजाबाकी. ही वजाबाकी बहुतेक वेळा बरोबरही असते. पण तिच्यात कामाचे तास धरलेले असतात. ते काम अमुकच पद्धतीनं का केलं जातं हे ज्या डोक्यांत आहे, ती डोकी धरलेली नसतात. त्या डोक्यांतलं नव्या टीमकडे पोचवायचं काम म्हणजे केटी, नॉलेज ट्रान्सफर. काम देशाबाहेर गेलं की बिघडतंच, असं मी मानत नाही. काम गेलं आणि त्याबद्दल ठरवण्याचा अधिकार मात्र मागेच राहिला, की बिघडतं. आणि हा बिघाड ज्याच्या खात्यावर पडतो, तो माणूस बचत दाखवणारा नसतो.

आधी पैशाचं बघू. समजा, शंभर जणांची टीम आहे. पगार, विमा, बोनस, जागा, लॅपटॉप सगळं धरून माणशी वर्षाला १,५०,००० डॉलर पडतात, म्हणजे एकूण दीड कोटी. तेच काम दुसरीकडे माणशी ४५,००० डॉलरमध्ये होतं असं धरलं, तर ४५ लाख. स्लाइडवर बचत दिसते १ कोटी ५ लाख डॉलरची. आता हाच हिशोब जमिनीवर आणू. नव्या टीमला सुरुवातीची वर्षं शंभर माणसं पुरत नाहीत. कोडची ओळख नसते, समन्वयालाच माणसं लागतात. एकशे तीस धरा: ५८.५ लाख. जुन्या शंभरातले बाराएक जण ग्राहकांशी आणि प्रॉडक्ट मॅनेजरांशी बोलायला मागे ठेवावे लागतात: १८ लाख. प्रवास, लायसन्स, सुरक्षित नेटवर्क: ४ लाख. बेरीज ८०.५ लाख, बचत उरली ६९.५ लाख. स्लाइडवरच्या आकड्याची दोन-तृतीयांश.

त्यात एकदाच होणारा खर्च वेगळा. सहा महिने दोन्ही टीम पगारावर असतात. त्या काळातला नव्या टीमचा खर्च २९.२५ लाख. निघणाऱ्या ८८ जणांना माणशी ४०,००० डॉलर सेव्हरन्स, म्हणजे नोकरी जाताना द्यायची रक्कम: ३५.२ लाख. शेवटच्या दिवसापर्यंत थांबावं म्हणून माणशी १५,००० डॉलर बोनस: १३.२ लाख. एकूण ७७.६५ लाख. म्हणजे हस्तांतर पूर्ण झाल्यावर साधारण साडेतेरा महिन्यांनी हा खर्च वसूल होतो आणि पुढे दरवर्षी जवळपास सत्तर लाख डॉलर वाचतात. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण हिशोबाची पद्धत हीच. ऑफशोअरिंगमध्ये, म्हणजे काम असं परदेशात हलवण्यात, बचत होतच नाही असं सांगणाऱ्यांनी हा हिशोब करून बघावा. बचत होते. म्हणूनच तर ते थांबत नाही.

या हिशोबात एक ओळ मात्र अशी आहे की पैशात ती क्षुल्लक दिसते. वर्षाला वीस टक्के अट्रिशन, म्हणजे नोकरी सोडून जाणारे, धरले तर १३० पैकी २६ जण दरवर्षी नवे. प्रत्येक जण पहिले सहा महिने निम्म्या क्षमतेनं काम करतो असं धरलं, तरी वर्षाचं नुकसान तीन लाख डॉलरच्या आतच. फायनान्सवाले तिकडे बघतही नाहीत, आणि त्यांच्या जागी दुसरं कुणीही बघितलं नसतं. पण त्याच वीस टक्क्यांच्या दरानं चार वर्षं गेली, की मूळ १३० पैकी ५३ च्या आसपास माणसं उरतात. ज्यांनी जुन्या टीमच्या तोंडून काही ऐकलं होतं, अशी एवढीच. पुढच्या सगळ्यांनी ऐकलेल्यांकडून ऐकलेलं असतं.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो बऱ्याच जणांना माहीत आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं १९८५ साली बंगळूरला डिझाइन सेंटर सुरू केलं आणि उपग्रहाच्या लिंकवरून काम अमेरिकेत पोचू लागलं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी वायटूकेसाठी, म्हणजे २००० साल उजाडताना संगणकांतल्या तारखा चुकू नयेत म्हणून, कोबोल भाषेतलं जुनं कोड ओळ न् ओळ तपासायला माणसं हवी होती. भारतीय कंपन्यांना मोठ्या प्रमाणावर दार उघडलं ते तिथे. जीईत (जनरल इलेक्ट्रिक) प्रमुख जॅक वेल्च यांच्या काळात तर ७०-७०-७० असा नियमच होता: ७० टक्के काम बाहेर द्यायचं, त्यातलं ७० टक्के परदेशात, त्यातलं ७० टक्के भारतात. २००४ साली अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या आर्थिक सल्लागार मंडळाचे प्रमुख ग्रेगरी मॅनक्यू यांनी हा व्यापाराचाच एक नवा प्रकार आहे असं म्हटल्यावर दोन्ही पक्ष त्यांच्यावर तुटून पडले. त्याच वर्षी अर्थशास्त्रज्ञ पॉल सॅम्युएल्सन यांनी उलट बाजूनं इशारा दिला होता: एखादा देश ज्या कामात पुढे आहे तेच काम दुसऱ्या देशानं उत्तम शिकून घेतलं, तर पहिल्याचं कायमचं नुकसानही होऊ शकतं. दोघांचंही म्हणणं एकाच वेळी खरं असू शकतं, हे त्या गदारोळात फारसं कुणी ऐकून घेतलं नाही.

तेव्हापासून बदललं ते असं, की आता तिसऱ्या कंपनीला कंत्राट देण्याऐवजी कंपन्या स्वतःचंच केंद्र काढतात. आयटी उद्योगाची संघटना नॅसकॉम आणि सल्लागार कंपनी झिनोव्ह यांच्या अहवालानुसार २०२३-२४ मध्ये भारतात अशी १,७०० हून अधिक केंद्रं (जीसीसी, ग्लोबल कॅपेबिलिटी सेंटर) होती, त्यांत सुमारे १९ लाख माणसं आणि ६४.६ अब्ज डॉलरची उलाढाल. आणि जाणारं काम आता सपोर्ट-टेस्टिंगपुरतं राहिलेलं नाही. २०२४ च्या वसंतात गूगलनं आपल्या 'कोअर' टीममधून किमान दोनशे जणांना कमी केलं आणि त्यातली काही पदं भारत आणि मेक्सिकोत हलवली. ज्या टीमच्या पायावर बाकीचं सगळं उभं असतं, ती ही टीम.

आता केटीकडे येतो, कारण सगळं इथेच ठरतं.

कागदावर केटी बारा आठवड्यांची असते. पहिले दोन आठवडे याद्या करण्यात जातात: ॲप्लिकेशन्स किती, बॅच जॉब (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी कामं) किती, कोणता मॉड्यूल कोण सांभाळतं. पुढचे चार आठवडे रोज दोन-दोन तासांची सत्रं, सगळी रेकॉर्ड केलेली. प्रत्येक सत्रानंतर नव्या माणसानं तेच उलट समजावून सांगायचं, तो प्लेबॅक. मग तीन आठवडे शॅडोइंग: जुना माणूस काम करतो, नवा बघतो. मग तीन आठवडे रिव्हर्स शॅडोइंग: नवा करतो, जुना बघतो. प्रत्येक मॉड्यूलपुढे दोघांच्या सह्या. एक्सेल शीट पूर्ण हिरवी झाली की स्टेअरिंग कमिटीला, म्हणजे हस्तांतरावर देखरेख करणाऱ्या वरिष्ठांना, मेल जातो आणि केटी संपते.

पहिली अडचण कॅलेंडरची. बारा आठवडे म्हणजे चौऱ्याऐंशी दिवस. उरलेल्या दोनशे एक्क्याऐंशी दिवसांत जे घडतं, ते नव्या टीमनं बघितलेलंच नसतं. वर्षअखेरचं क्लोजिंग. वेबसाइट सुरक्षित ठेवणाऱ्या टीएलएस सर्टिफिकेटचं नूतनीकरण. वर्षातून एकदाच चालणारा, नियामकाला पाठवायचा रिपोर्ट. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. रात्री दोन ते तीनच्या दरम्यान लावलेले जॉब मार्चमधल्या त्या रात्री वगळले जाऊ शकतात, आणि एक ते दोनच्या दरम्यानचे नोव्हेंबरमधल्या रात्री दोनदा चालू शकतात. जुन्या टीमला हे पाठ असतं. त्या शनिवारी संध्याकाळी कुणीतरी न सांगता लॉग-इन करून दोन जॉब हातानं थांबवून ठेवतो. हे रनबुकमध्ये, म्हणजे कामाच्या लेखी सूचनांत, नसतं, कारण ज्याला सवय असते त्याला ती लिहिण्यासारखी गोष्ट वाटत नाही.

हे जॉब वेळेवर चालवणारा बॅच शेड्यूलर किती महत्त्वाचा असतो हे २०१२ च्या जूनमध्ये ब्रिटनच्या आरबीएस बँकेत दिसलं. शेड्यूलरच्या सॉफ्टवेअरचं अपग्रेड बिघडलं आणि किमान ६५ लाख ग्राहकांचे व्यवहार अडकले. २०१४ साली बँकेला ५.६ कोटी पौंडांचा दंड झाला. तेव्हा याचं खापर ऑफशोअरिंगवर फोडलं गेलं होतं. बँकेनं ते नाकारलं, आणि नियामकांनीही ठपका ठेवला तो आयटीतली जोखीम ओळखण्याच्या आणि हाताळण्याच्या व्यवस्थेवर. त्यामुळे ऑफशोअरिंगच्या विरोधात हे उदाहरण वापरणं मला योग्य वाटत नाही. पण ज्या प्रणालीला कुणी फारसं विचारत नाही ती बंद पडली की काय होतं, हे त्यातून स्वच्छ कळतं. केटीच्या यादीत शेड्यूलर बहुतेक वेळा एका ओळीत उरकलेला असतो.

दुसरी अडचण वरवर अगदी किरकोळ, पण जवळपास सगळीकडे सापडणारी. कित्येक वर्षांपूर्वी कुणीतरी घाईत एक रात्रीचा जॉब स्वतःच्या आयडीवर लावलेला असतो. सर्व्हिस अकाउंट, म्हणजे कुणा माणसाचा नसलेला आयडी, मागायला तीन मंजुऱ्या लागायच्या, तेवढा वेळ नव्हता. तो जॉब चालतो, कुणी बघत नाही. त्या माणसाचा शेवटचा दिवस येतो. संध्याकाळी एचआर सिस्टीम त्याचा आयडी बंद करते. रात्री जॉबला परवानगी नाकारली जाते, फाइल तयार होत नाही. पुढचा जॉब त्या फाइलची वाट बघत बसतो, आणि सकाळी तिसऱ्याच टीमचा डॅशबोर्ड रिकामा दिसतो. नवी टीम चूक शोधते डॅशबोर्डमध्ये. खरं कारण सापडायला दोन दिवस लागतात, कारण जॉबच्या नावात त्या माणसाचा उल्लेखच नसतो. हीच गत डोमेनच्या नूतनीकरणाच्या मेलची आणि वेंडरच्या पोर्टलवरच्या एकमेव ॲडमिनची. उपाय साधा आहे: निघणाऱ्या प्रत्येकाचा आयडी शेवटच्या दिवसाच्या चार आठवडे आधी, आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी, दुपारी चार तासांसाठी मुद्दाम बंद करायचा आणि काय काय मोडतं ते लिहून काढायचं. रात्रीचे जॉब त्यात सापडत नाहीत, म्हणून आठवडाभरानं हेच रात्री करायचं. माणूस अजून हाताशी असतो, दुरुस्ती दहा मिनिटांत होते.

तिसरी अडचण कोडमधल्या विचित्र ओळींची. समजा, एका विशिष्ट ग्राहक-कोडसाठी रक्कम नेहमीसारखी राउंड न करता खाली आणली आहे. कोडमध्ये खुलासा नाही, बदलाच्या नोंदीत (कमिट मेसेज) फक्त 'फिक्स'. नव्या टीममधला हुशार माणूस ती ओळ बघतो, चूक समजतो आणि साफ करतो. सगळ्या टेस्ट पास होतात. तीन महिन्यांनी त्या ग्राहकाची वकिलाची नोटीस येते, कारण ती ओळ म्हणजे जुन्या वादानंतर झालेल्या लेखी तडजोडीतलं एक कलम होतं. यात त्या माणसाचा दोष नाही. त्यानं चांगल्या इंजिनिअरनं करावं तेच केलं. त्याला 'काय' मिळालं होतं, 'का' मिळालं नव्हतं.

डेन्मार्कचे संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांनी १९८५ सालच्या एका निबंधात नेमकं हेच मांडलं. त्यांनी दिलेलं उदाहरण कंपायलरचं, म्हणजे लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत बदलणाऱ्या प्रोग्रामचं आहे. एका गटानं एक कंपायलर लिहिला, तो फार चांगला चालला. दुसऱ्या गटाला त्यात थोडी भर घालून आपल्या भाषेसाठी तो वापरायचा होता. त्यांना सगळं डॉक्युमेंटेशन मिळालं, टिपणांसह कोड मिळाला, शिवाय मूळ गटाचा सल्लाही. तरीही त्यांनी सुचवलेल्या बदलांत वारंवार असं दिसलं, की मूळ रचनेत आधीच असलेल्या सोयी त्यांना दिसतच नाहीत आणि ते वरून ठिगळं लावायला निघतात. मूळ गटाला हे क्षणात दिसायचं, आणि रचनेत बसणारा सोपा उपाय ते लगेच सुचवायचे. काही वर्षांनी मूळ गटाचा संबंध सुटला. रचना तिथेच होती, पण वेड्यावाकड्या भरींखाली निकामी झालेली. नाउर यांचा निष्कर्ष असा, की प्रोग्रामचं खरं अस्तित्व तो लिहिणाऱ्यांच्या समजुतीत असतं. कोड आणि कागद ही तिची अपुरी नोंद. दुसऱ्या गटाची हुशारी कमी होती असं त्यांनी कुठेही म्हटलेलं नाही. माझ्या मते केटीच्या प्रत्येक शीटवर पहिल्या पानावर हे उदाहरण छापायला हवं.

चौथी अडचण बोलायला अवघड आहे. केटी देणारा माणूस स्वतःची नोकरी संपवण्याचं काम करत असतो आणि त्याचा सेव्हरन्स बहुधा त्या सहीला बांधलेला असतो. डिस्नेच्या फ्लोरिडातल्या सुमारे २५० आयटी कर्मचाऱ्यांच्या बाबतीत हे २०१५ साली जगासमोर आलं. आपल्या जागी येणाऱ्यांना शिकवण्याची वेळ त्यांच्यातल्या अनेकांवर आली होती. अशा अवस्थेतला माणूस खोटं बोलत नाही. बहुतेक जण शेवटपर्यंत इमानानं शिकवतात, हे फार मोठं आहे आणि त्याची कुणी दखल घेत नाही. पण तो विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देतो, न विचारलेलं सांगायची ऊर्जा त्याच्यात उरलेली नसते. समोरच्याला काय विचारावं हे माहीत नसतं, कारण ते कळायला आधी प्रणाली कळायला हवी. शिवाय त्याला संकोच वाटत असतो. ज्याची नोकरी आपल्याकडे येतेय, त्याला तिसऱ्यांदा तेच कसं विचारायचं? कॉलवर दोन्ही बाजूंना भली माणसं असतात आणि मधे शांतता पसरलेली असते. रेकॉर्डिंगमध्ये ती जशीच्या तशी ऐकू येते.

हे कमी करता येतं. मॉड्यूलप्रमाणे शिकवण्याऐवजी गेल्या चोवीस महिन्यांतले सगळे मोठे बिघाड काढायचे आणि एकेका सत्रात एकेक घ्यायचा: काय दिसलं, आधी काय वाटलं, खरं काय निघालं, मग काय बदललं. माणसं बिघाडांबद्दल मनापासून बोलतात. चाळीस बिघाड झाले की प्रणालीचा नकाशा आपोआप उभा राहतो. रिव्हर्स शॅडोइंगचे आठवडे तिमाही-अखेरीवर येतील असे लावायचे. नव्या टीमला कोऱ्या मशीनवर बॅकअपमधून पूर्ण प्रणाली उभी करायला लावायची, आणि ते जमेपर्यंत सही नाही. जुन्यातल्या दोघा-तिघांना वर्षभर सल्लागार म्हणून तासाच्या दरानं बांधून ठेवायचं. वरच्या हिशोबात याचा खर्च दोन-तीन लाख डॉलरच्या पुढे जाणार नाही. तरीही बहुतेक योजनांत हेच कलम पहिल्यांदा कापलं जातं, कारण त्यातून काय वाचतं ते दाखवता येत नाही.

हस्तांतर पार पडलं की रोजचं काम सुरू होतं आणि घड्याळाचा त्रास समजतो. कॅलिफोर्निया आणि भारत यांच्यात उन्हाळ्यात साडेबारा तासांचं अंतर, हिवाळ्यात साडेतेरा. भारतात सकाळी दहाला पडलेला प्रश्न तिकडे रात्री साडेनऊला पोचतो. समोरचा माणूस सकाळी नऊला बसतो, तेव्हा इथे रात्रीचे साडेनऊ. उत्तर वाचलं जातं दुसऱ्या दिवशी सकाळी. एका प्रश्नाला एक दिवस. उत्तर अपुरं असलं, आणि पहिलं उत्तर बहुतेक वेळा अपुरंच असतं, तर दोन दिवस. समोरासमोर सहा मिनिटांत संपणारं बोलणं सोमवार ते गुरुवार चालतं. मग इंजिनिअर एक गोष्ट शिकतो, ती सगळ्यात घातक: विचारायचं थांबवतो. अंदाज बांधतो आणि पुढे जातो. किंवा रात्री अकरापर्यंत जागतो. भारतातल्या लाखो घरांत संध्याकाळचं जेवण कॉलच्या वेळेनुसार ठरतं. हा खर्च कुठल्याच ताळेबंदात नाही.

आता अधिकाराचं. समजा, डिझाइनचा निर्णय तिकडे, प्रॉडक्ट मॅनेजर तिकडे, ग्राहक तिकडे, प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहक वापरतात त्या प्रणालीवर, बदल चढवण्याची (डिप्लॉय) परवानगीही तिकडेच. इकडे आलं ते टिकेट, म्हणजे नेमून दिलेलं एकेक सुटं काम. अशा ठिकाणी दहा वर्षं काम केलेल्या माणसाकडे दहा वर्षांचा अनुभव असतोच असं नाही. बरेचदा एका वर्षाचा अनुभव दहा वेळा असतो. हे वाक्य कठोर आहे, पण दोष त्या माणसाचा नाही. त्याला चुकायची संधीच दिलेली नसते. आर्किटेक्चर चुकलं, ते तीन वर्षं सांभाळलं, मग सुधारलं, या चक्रातून माणूस सीनिअर होतो. टिकेट बंद करून होत नाही.

याच्या उलट उदाहरणही आहे. इंटेलनं अमेरिकेबाहेरचं आपलं पहिलं डिझाइन सेंटर १९७४ साली इस्राएलमधल्या हैफाला काढलं. त्या लोकांना हळूहळू पूर्ण प्रोसेसरची जबाबदारी मिळत गेली. अमेरिकेतली मुख्य टीम पेंटियम ४ च्या मागे घड्याळाचा वेग वाढवण्यात गुंतली होती, तेव्हा हैफाच्या टीमनं कमी वीज खाणारा वेगळा आराखडा धरला. २००३ सालचा पेंटियम एम त्यातून आला. पुढे पेंटियम ४ ची वाट उष्णतेपाशी अडली आणि कंपनीची कोअर मालिका या हैफाच्या वाटेनं गेली. हेही ऑफशोअर कामच. पण त्यांना मुख्यालयाशी असहमत होण्याची मुभा होती. बंगळूरच्या टीमनं डिझाइन केलेला इंटेलचा सहा कोअरचा झिऑन हा सर्व्हरचा प्रोसेसर २००८ साली आला, तोही पूर्ण चिपची जबाबदारी मिळाल्यावर. अंतर तेवढंच, फरक कुणाच्या सहीनं डिझाइन गोठतं याचा.

जनरल मोटर्सनं उलट रस्ता धरला. तिचं आयटीचं जवळपास ९० टक्के काम बाहेरच्या कंपन्यांकडे होतं. २०१२ साली कंपनीचे आयटीप्रमुख रँडी मॉट यांनी ते ९० टक्के आत आणायचं ठरवलं. त्याच वर्षी एचपीचे सुमारे तीन हजार लोक कंपनीनं स्वतःकडे घेतले, जे आधीपासून जीएमचंच काम करत होते. म्हणजे माणूस तोच, काम तेच, मालक बदलला. परत आणणं हे पाठवण्यापेक्षा कितीतरी महाग असतं, आणि जीएमसारख्या आकाराच्या कंपनीलाच ते परवडतं. बाकीच्या कंपन्या तशाच चालू राहतात.

सरकारं काहीच करत नाहीत असं नाही, पण त्यांची हत्यारं बोथट आहेत. अमेरिकेत २०१७ च्या करसुधारणेनं २०२२ पासून सॉफ्टवेअर विकासाचा खर्च देशातला असेल तर पाच वर्षांत आणि परदेशातला असेल तर पंधरा वर्षांत विभागून वजा करायला लावला. परदेशात शंभर डॉलर खर्च केले तर पहिल्या वर्षी जेमतेम सव्वातीन-साडेतीन डॉलर वजा होतात. २०२५ च्या कायद्यानं देशातला खर्च पुन्हा त्याच वर्षी पूर्ण वजा करू दिला, परदेशातल्याची पंधरा वर्षं तशीच ठेवली. शिक्षा मोठी दिसते, पण ती कर भरण्याची वेळ पुढे-मागे करते. दीड लाख आणि पंचेचाळीस हजार यांतली दरी तिनं बुजत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये परदेशी कर्मचाऱ्यांसाठीच्या एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लागलं. माणसाला यायला अडवलं की काम माणसाकडे जातं, हा त्याचा अगदी सरळ परिणाम आहे.

भारताच्या बाजूनंही एक गोष्ट नीट बघायला हवी. कंपनीचं स्वतःचं केंद्र मुख्य कंपनीला बिल लावतं ते खर्च अधिक ठरावीक टक्के या सूत्रानं; २०१७ साली सरकारनं ठरवलेल्या सेफ हार्बर नियमांत (इतका नफा दाखवला तर करखातं तो मान्य करतं) सॉफ्टवेअर सेवांसाठी हा नफा १७ ते १८ टक्के होता. पेटंट आणि कॉपीराइट मुख्य कंपनीकडे. इथल्या टीमनं बांधलेली गोष्ट जगभर अब्जावधींना विकली गेली, तरी या केंद्राच्या वहीत खर्चावरचे तेवढेच टक्के येतात. रोजगार येतो, पगार येतो, कौशल्यही येतं, आणि ते सगळं मोलाचं आहे. मालकी येत नाही.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती ज्युनिअर मुलांची. जाणारं काम आधी खालच्या पायरीवरचं असतं: टेस्टिंग, लहान बग, अंतर्गत टूल्स. याच कामावर नवी मुलं शिकत असत. मूळ देशात ती पायरी गेली की दहा वर्षांनी सीनिअर कुठून आणायचे, याचं उत्तर कोणत्याच स्लाइडवर नसतं. आणि भारतातही शिडी आता हलते आहे, फक्त खालची पायरीच नाही. टीसीएसनं जुलै २०२५ मध्ये सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास, माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. त्यात भर मधल्या आणि वरच्या फळीवर होता. पायरीचं काम ऑटोमेशनकडे आणि स्वस्त शहरांकडे, देशांकडे सरकतंय. केटी घ्यायला बसलेल्यांपैकी अनेकांना पुढे ती द्यायलाही बसावं लागेल.

म्हणून दोन्ही खुर्च्यांवरच्या लोकांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. अमेरिकेत शंभर किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीला मोठी कपात करताना वॉर्न कायद्यानं साठ दिवसांची नोटीस द्यावी लागते. वय चाळीस किंवा अधिक असेल आणि कपात गटानं होत असेल, तर दाव्यांचा हक्क सोडणाऱ्या कागदावर विचार करायला पंचेचाळीस दिवस आणि सही केल्यावर मागे घ्यायला सात दिवस मिळतात. कोणत्या पदांवरच्या, कोणत्या वयाच्या लोकांना निवडलं याची यादीही सोबत द्यावी लागते. ती नीट वाचा. पहिल्या दिवशी सही करू नका. बोनस केटीला बांधलेला असेल तर केटी पूर्ण झाली हे कोण आणि कशावरून ठरवणार, ते लेखी घ्या. समोरची टीम वेळेत भरती झाली नाही तर तुमचा बोनस अडकता कामा नये. नंतरच्या सल्ल्याचा तासाचा दर आताच ठरवा.

आणि जो केटी घेतोय त्यानं पहिल्याच आठवड्यात तीन गोष्टी मागाव्यात: प्रॉडक्शनवर डिप्लॉय आणि रोलबॅक (चढवलेला बदल मागे घेणं) करण्याची परवानगी कोणत्या तारखेपासून मिळणार, डिझाइन रिव्ह्यूमध्ये मत देणारी जागा कुणाच्या नावावर असणार, आणि महिन्यातून एकदा थेट ग्राहकाशी कॉल. व्यवस्थापक पहिली लगेच मान्य करतात, दुसरीवर "बघू" म्हणतात, तिसरीवर विषय बदलतात. तिन्ही मिनिट्समध्ये नोंदवून घ्यायच्या, पुढच्या स्टेअरिंग कमिटीत पुन्हा काढायच्या, आणि मिळेपर्यंत त्या शीटमधल्या मालकीच्या रकान्यापुढे हिरवा रंग भरू द्यायचा नाही.